चढाने वसवलेलं गाव

मुंबई-नाशिक प्रवास करणाऱ्या लाखो माणसांनी इगतपुरी पाहिलेली असते, पण बहुतेकांनी गाडीच्या खिडकीतून. कसारा सुटलं की गाडीचा वेग मंदावतो. एकामागून एक बोगदे लागतात. काळोख, मग हिरवी दरी, पुन्हा काळोख. शेवटी गाडी एका लांबलचक फलाटावर उभी राहते. चहावाले, वडापाववाले धावत येतात, थंड वारा डब्यात शिरतो, मागे लावलेलं जादा इंजिन सुटतं आणि गाडी नाशिकच्या दिशेने निघून जाते. गाव मागे राहतं. वर्षानुवर्षं पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला नोकरीसाठी जा-ये करणाऱ्या नाशिककरांनाही स्टेशनच्या बाहेर काय आहे हे सांगता येत नाही. मला हे नेहमी खटकत आलं आहे. कारण महाराष्ट्राच्या भूगोलात आणि देशाच्या रेल्वे-इतिहासात या तीसेक हजार वस्तीच्या गावाने केलेलं काम त्याच्या आकाराच्या कितीतरी पट मोठं आहे.

आधी जागा नीट समजून घ्यावी. सह्याद्री पश्चिमेकडून पाहिला तर भिंतीसारखा उभा आणि पूर्वेकडून पाहिला तर हळूहळू उतरत जाणारं पठार. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचले आणि त्यातून हा काळा बसाल्ट तयार झाला. कोकणातल्या नद्यांनी तो पश्चिमेकडून कुरतडला, म्हणून तिकडे कडे तयार झाले. इगतपुरी या कड्याच्या अगदी काठावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर आहे. उत्तरेला त्र्यंबकची डोंगररांग, दक्षिणेला कळसूबाईची. १६४६ मीटर उंचीचं कळसूबाई हे महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर इगतपुरी आणि अकोले तालुक्यांच्या शिवेवर उभं आहे. तिच्या शेजारी अलंग, मदन आणि कुलंग हे तीन बेलाग किल्ले. या दोन रांगांच्या मध्ये डोंगर जरा खाली झुकतो. त्या खाचेतून कोकणातून देशावर चढायची वाट जाते. हाच थळ घाट, ज्याला आता सगळे कसारा घाट म्हणतात.

ही वाट रेल्वेच्या फार आधीची आहे. नाशिकजवळच्या पांडवलेण्यांत क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचे शिलालेख आहेत. त्यांत त्याने दानं दिलेल्या ठिकाणांमध्ये गोवर्धन येतं आणि शोर्पारगही येतं. गोवर्धन म्हणजे आजच्या नाशिकचा परिसर, शोर्पारग म्हणजे वसईजवळचं सोपारा बंदर. जवळपास दोन हजार वर्षांपूर्वी एकच माणूस घाटावरच्या आणि बंदरातल्या लोकांना दान देतो, याचा अर्थ या दोन जागांमध्ये माणसांची आणि मालाची नित्य ये-जा होती. जुन्नरकडच्या मालासाठी नाणेघाट होता, नाशिककडच्या मालासाठी ही थळची वाट. 

वाट म्हटली की राखण आली. गावापासून काही किलोमीटरवर त्रिंगलवाडीचा किल्ला आहे. त्याच्या पायथ्याशी एक जैन लेणं आहे, आत ऋषभनाथांची मूर्ती आणि शके १२६६ चा, म्हणजे इसवी सन १३४४ चा लेख. पूर्वेला कावनईचा छोटा पण मोक्याचा किल्ला. १७६० मध्ये उदगीरच्या लढाईनंतर निजामाने पेशव्यांना जो मुलूख दिला, त्यात कावनई मराठ्यांकडे आला. १८१८ मध्ये इंग्रजांनी त्र्यंबकगड घेतला आणि त्या धक्क्याने आसपासचे सतरा किल्ले न लढताच त्यांच्या हाती पडले. त्रिंगलवाडी आणि कावनई त्यांतलेच. पण किल्ले पडले तरी डोंगर गप्प झाले नाहीत. अकोले तालुक्यातल्या देवगावचा राघोजी भांगरे याने महादेव कोळ्यांना घेऊन सावकारशाही आणि इंग्रजी सत्तेविरुद्ध याच रांगांमध्ये बंड उभारलं. १८४८ मध्ये ठाण्याच्या तुरुंगात त्याला फाशी दिली गेली. त्यानंतर पाच वर्षांनी त्याच ठाण्याला मुंबईहून पहिली आगगाडी येऊन पोचली, आणि घाटाची गोष्ट बदलली.

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, म्हणजे जीआयपी, या कंपनीला ठाण्यात थांबायचंच नव्हतं. तिला हवा होता खानदेश-वऱ्हाडातला कापूस. तो बैलांच्या पाठीवरून आणि गाड्यांतून घाट उतरून मुंबईला यायचा, वाटेत भिजायचा, धुळीने माखायचा. सुरुवातीला कंपनीच्या मनात माळशेज घाट होता, तिथून एकच मार्ग वर चढवावा असा बेत. मुख्य अभियंता जेम्स जॉन बर्कले याने सह्याद्रीची पाहणी करून तो बेत बदलला आणि दोन घाट निवडले : पुण्याकडे जायला बोर घाट, नाशिक-भुसावळकडे जायला थळ घाट. आज आपण मुंबईहून निघून कल्याणला दोन फाटे फुटलेले पाहतो, ते त्या निर्णयामुळे. महाराष्ट्राच्या नकाशावर पुणे आणि नाशिक या दोन शहरांना मुंबईने जे दोन हात दिले, त्यांचं मूळ तिथे आहे असं मी मानतो.

१८६१ च्या आरंभी रूळ कसाऱ्यापर्यंत पोचले. आणि त्याच वर्षी घाटाच्या वर, इगतपुरीपासून नाशिकपर्यंत आणि पुढे चाळीसगावपर्यंतही गाडी सुरू झाली. म्हणजे खाली रेल्वे होती, वर रेल्वे होती आणि मधला घाट मात्र रिकामा होता! इंजिनं, डबे आणि रूळ घाटरस्त्याने ओढत वर न्यावे लागले असणार, हे नुसतं डोळ्यांसमोर आणलं तरी त्या खटाटोपाचा अंदाज येतो. चार वर्षं उतारू आणि माल कसारा ते इगतपुरी हे अंतर बैलगाडीने, डोलीने, पायी पार करत राहिले. इगतपुरी गाव म्हणून वाढायला लागली ती या चार वर्षांत. रेल्वे जिथे संपते तिथे माणूस उतरतो, उतरला की त्याला पाणी, जेवण, छप्पर आणि बैल लागतात. त्याच काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस इंग्लंडला जाणं थांबलं आणि हिंदुस्थानी कापसाला सोन्याचा भाव आला. त्या कापसाच्या गाठी इगतपुरीला रेल्वेतून उतरून घाटाकडे जात होत्या.

१ जानेवारी १८६५ रोजी घाटातला मार्ग सुरू झाला. सव्वानऊ मैलांच्या या टप्प्यात गाडी ९७२ फूट वर चढते. सर्वांत कठीण जागी चढ ३७ ला १ आहे, म्हणजे दर ३७ फूट पुढे गेल्यावर १ फूट वर. रस्त्याच्या गाडीला हे काहीच नाही. पण गुळगुळीत रुळावर गुळगुळीत चाक फिरतं, त्याला हा चढ प्रचंड आहे. मूळ मार्गावर तेरा बोगदे आणि सहा मोठे पूल होते. त्यांतला एहेगावचा पूल दरीतून सुमारे १८० फूट उंच. रेल्वेच्या इतिहासात ऑस्ट्रियातल्या सेमरिंग घाटाचं नाव फार आदराने घेतलं जातं. १८५४ मध्ये आल्प्समधून गेलेला तो मार्ग आता जागतिक वारसा आहे. त्यानंतर अकरा वर्षांत, चार महिने नुसत्या पावसाने झोडपल्या जाणाऱ्या डोंगरात, साधारण तेवढ्याच चढाचा थळ घाट उभा राहिला. त्याला मात्र आपण ‘नेटवर्क जातं ती जागा’ म्हणून ओळखतो.

बर्कलेला हे काम पुरं झालेलं पाहता आलं नाही. १८६२ मध्ये, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी तो वारला. त्याचं नाव निदान पुस्तकांत राहिलं. कातळ फोडणारे, बोगद्यात सुरुंग लावणारे, डोक्यावरून दगड वाहणारे हजारो स्त्री-पुरुष मजूर कॉलऱ्याने, अपघाताने, तापाने गेले. त्यांची नावं घाटात कुठे वाचायला मिळत नाहीत.

सुरुवातीच्या घाटमार्गात एक वेगळीच युक्ती होती. डोंगराला सरळ वळसा घालायला जागा नव्हती, म्हणून चढाच्या मध्ये गाडी एका टोकबंद फलाटावर न्यायची, इंजिन काढून दुसऱ्या टोकाला जोडायचं आणि उलट दिशेने पुढचा चढ चढायचा. डोंगर जणू इंग्रजी ‘झेड’ अक्षराच्या रेषेने कापायचा. पुढे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात नवे बोगदे खणून हा उलटफेर काढून टाकण्यात आला. दुसरी युक्ती उतारासाठीची. गाडीचे ब्रेक निकामी झाले तर ती सुसाट खाली जाऊ नये म्हणून ठरावीक जागी मुख्य रुळातून फुटून वर चढत जाणारा एक रूळ ठेवलेला असतो. त्याला कॅच सायडिंग म्हणतात. उतरणारी गाडी आधी तिथे थांबून आपण ताब्यात आहोत हे दाखवते, मगच पुढचा रस्ता मोकळा होतो. न थांबणारी गाडी आपोआप त्या चढाच्या रुळावर वळते आणि तिथे तिचा जोर संपतो. ही व्यवस्था आजही आहे. त्यामुळेच घाट उतरताना गाडी अधूनमधून आडरानात उगाच थांबल्यासारखी वाटते. ती उगाच थांबत नाही.

आणि तिसरी गोष्ट म्हणजे बँकर. कसाऱ्याला गाडीच्या मागे जादा इंजिनं लागतात, ती ढकलत ढकलत गाडीला वर आणतात आणि इगतपुरीला सुटून पुन्हा खाली जातात. नव्या माणसाला वाटतं की ही फक्त ताकदीची गोष्ट आहे. तशी नाही. चढावर सगळा ताण पुढच्या इंजिनावर आला तर डब्यांना जोडणारा सांधा तुटू शकतो आणि मागचे डबे घरंगळू शकतात. मागून टेकू असला की ती भीती जाते. या बँकरने इगतपुरीचा संसार दीडशे वर्षं चालवला. बँकर आहे म्हणून थांबा आहे. थांबा आहे म्हणून फलाटावर चहा-वडा आहे, चालकांच्या विश्रांतीचं घर आहे, इंजिनाची शेड आहे, फिटर आहे, शंटर आहे, पॉइंट्समन आहे, त्यांची क्वार्टर्स आहेत, क्वार्टर्समधली मुलं आहेत म्हणून शाळा आहे. देशाच्या कानाकोपऱ्यातून बदलीवर आलेली कुटुंबं, अँग्लो-इंडियन, गोव्याचे ख्रिस्ती, उत्तरेकडचे, दक्षिणेकडचे आणि आसपासच्या पाड्यांतून कामाला लागलेले लोक एकाच वसाहतीत राहू लागले. आसपासचा सगळा मुलूख भातशेती करणारा, आणि मध्येच भोंग्यावर चालणारं हे गाव. घाटमाथ्याच्या एका कोपऱ्यात असं बहुभाषिक गाव उगवतं ही या चढाचीच किमया.

विजेने ही कहाणी आणखी रंगवली. वाफेच्या इंजिनांची घाटात दमछाक व्हायची. म्हणून १९३० पर्यंत मुंबईकडून इगतपुरीपर्यंत विजेच्या तारा आणल्या गेल्या. त्यासाठी स्वित्झर्लंडमधून खास घाटाची इंजिनं मागवली होती. मध्ये उंच आणि पुढेमागे लांब नाकं, वळणावर अंग मोडून घेणारी, चालताना कण्हल्यासारखा आवाज करणारी. रेल्वेवाल्यांनी त्यांचं नाव ठेवलं खेकडा. त्यांतलं ‘सर लेस्ली विल्सन’ हे इंजिन दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे. जे इंजिन आयुष्यभर या घाटांत राबलं ते दिल्लीत आहे याचा मला आनंद आहे आणि थोडी हळहळही. इगतपुरीत एखादा खेकडा उभा असता तर इथल्या पोरांना आपल्या आजोबांचं काम बोट लावून पाहता आलं असतं.

मुंबईची ही वीज १५०० व्होल्टची, एकदिशा प्रवाहाची, म्हणजे डीसी. पुढे भुसावळकडून इगतपुरीपर्यंत जी वीज आली ती २५ हजार व्होल्टची, एसी. दोन प्रकारच्या विजेची हद्द बरोबर या स्टेशनात पडली! एका विजेवर चालणारं इंजिन दुसऱ्या तारेखाली निरुपयोगी, म्हणून इथे इंजिनच बदलायचं. बँकर सोडायचा आणि पुढचं इंजिनही बदलायचं, त्यामुळे थांबा लांबला. दोन्ही विजेवर चालणारी इंजिनं आल्यावर हे काम कमी झालं. २००६ मध्ये घाटातली वीज बदलून एसी झाली आणि इगतपुरीची ही हद्द पुसली गेली. सीमा ओलांडायची म्हणून जे लोक थांबत होते, त्यांना थांबायचं एक कारण उरलं नाही.

मग कारणं एकेक करून कमीच होत गेली. २०१९ मध्ये नाशिकमार्गे दिल्लीला जाणारी राजधानी सुरू झाली. तिला पुढे एक आणि मागे एक अशी दोन इंजिनं कायमची लावली गेली, म्हणजे बँकरसाठी थांबायला नको. २०२३ च्या फेब्रुवारीत मुंबई-शिर्डी वंदे भारत सुरू झाली. तिच्या अनेक डब्यांखाली मोटर असल्यामुळे तिला बँकर लागतच नाही. प्रवाशाच्या दृष्टीने हे चांगलंच आहे. मीही त्या गाड्यांनी जातो. पण फलाटावर टोपली घेऊन उभ्या असलेल्या बाईच्या बाजूने पाहिलं, तर प्रत्येक सुधारणा म्हणजे विक्रीची काही मिनिटं वजा.

एक जाता जाता. १८७० मध्ये मुंबई आणि कलकत्ता यांना जोडणारा सलग रेल्वेमार्ग पुरा झाला, तो या घाटातून. दोनच वर्षांनी फ्रेंच लेखक ज्यूल व्हर्नने ऐंशी दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणेची कादंबरी लिहिली आणि आपला नायक फिलियस फॉग याला मुंबईहून कलकत्त्याच्या गाडीत बसवलं. सह्याद्री चढून खानदेशाकडे जाणारी ती गाडी म्हणजे थळ घाटाची गाडी. जगाला फेरी मारायची तर इगतपुरीवरून जावं लागत होतं.

आता रूळ सोडून पावसाकडे येतो, कारण इगतपुरीची खरी सत्ता पावसाची आहे. इथे वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. रेल्वेने पन्नास-एक किलोमीटर पूर्वेला नाशिक, तिथे सातशेच्या आसपास. अरबी समुद्रावरून आलेले ढग कड्याला धडकून वर चढतात, थंड होतात आणि सगळं ओझं इथेच टाकतात. ओलांडून गेलेल्या ढगांकडे सिन्नरला द्यायला फारसं काही उरत नाही. जूनच्या शेवटापासून सप्टेंबरपर्यंत इगतपुरीत कपडे वाळत नाहीत, भिंतींना बुरशी धरते आणि धुकं इतकं उतरतं की समोरचा सिग्नलही दिसत नाही. मुंबईचे लोक हे धुकं पाहायला शनिवार-रविवारी येतात. इथला माणूस मात्र तेव्हा गुडघाभर चिखलात आवणी करत असतो.

आवणी म्हणजे भाताच्या रोपांची लावणी. उन्हाळ्यात पालापाचोळा, शेण आणि गवत जाळून राब भाजायचा, त्या जागी रोपं तयार करायची आणि पाऊस धरला की चिखलणी करून ती खाचरात लावायची. उतारावर नागली, वरई आणि खुरासणी. ठाकर, महादेव कोळी, कातकरी या समाजांच्या हातची ही शेती. वाकलेल्या पाठींवर पूर्वी इरली असायची, आता प्लास्टिकचे कागद असतात. दिवाळीच्या सुमारास भात कापणीला येतो. मग घोटीच्या बाजारात गाड्या लागतात. इगतपुरीपासून थोडं पूर्वेला असलेलं घोटी हे या भागातलं भाताच्या पेठेचं गाव, गिरण्यांचं गाव. इथला इंद्रायणी तांदूळ शिजताना येणारा वास एकदा ओळखीचा झाला की बाजारातलं पाकीट हातात घ्यावंसं वाटत नाही.

हा पाऊस जातो कुठे, हा प्रश्न मला रेल्वेइतकाच मोठा वाटतो. तालुक्याच्या मधून एक रेषा जाते, जमिनीवर न दिसणारी. तिच्या एका बाजूचं पाणी वैतरणेत, भातसेत उतरतं आणि अरबी समुद्राला मिळतं. दुसऱ्या बाजूचं पाणी दारणेत जातं, दारणा गोदावरीला मिळते आणि ते पाणी महाराष्ट्र, तेलंगण, आंध्र ओलांडत बंगालच्या उपसागराला पोचतं. एकाच सरीचे दोन थेंब, हाताच्या अंतरावर पडलेले, दोन समुद्रांना जातात. गोदावरीची लांबी १४६५ किलोमीटर. वैतरणा मात्र दीडशेच्या आसपास किलोमीटर धावून समुद्राला भेटते. 

माणसाने ही रेषा ओळखली आणि तिच्या दोन्ही अंगांना धरणं बांधली. पूर्वेला, कुलंगच्या डोंगरातून निघणाऱ्या दारणेवर नांदगावजवळचं दारणा धरण १९१६ मध्ये पुरं झालं. नांदूर मधमेश्वरच्या बंधाऱ्यातून निघालेल्या गोदावरीच्या कालव्यांना या धरणाचं पाणी मिळालं आणि निफाड-कोपरगाव-राहाता पट्ट्यात ऊस उभा राहिला. नगर जिल्ह्याच्या साखरेतला गोडवा काही अंशी इगतपुरीच्या पावसाचा आहे. पश्चिमेला अप्पर वैतरणा धरण १९७३ मध्ये झालं. त्याचं पाणी वीज करून खाली उतरतं आणि मोडकसागरातून मुंबईला जातं. मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांत याचा समावेश आहे. त्यानंतर मुकणे, भावली, भाम, वाकी अशी धरणं होत गेली. मुकण्याचं पाणी नळातून नाशिक शहरालाही येतं. 

म्हणजे मुंबईची तहान, नाशिकची तहान, नगरचा ऊस आणि गोदावरीतून जायकवाडीच्या नाथसागरात जाणारं मराठवाड्याचं पाणी, या चारही गोष्टी या एका तालुक्याच्या आभाळावर अवलंबून आहेत. दुष्काळी वर्षात वरच्या धरणांतून जायकवाडीला किती सोडायचं यावरून नाशिक-नगर विरुद्ध मराठवाडा असा वाद पेटतो, न्यायालयात जातो. पश्चिमेला समुद्रात वाहून जाणारं पाणी वळवून गोदावरीत आणायच्या योजनांचे आराखडे होतात. या सगळ्या चर्चेत इगतपुरीच्या पाड्यांचं नाव येत नाही. तीन हजार मिलिमीटर पावसाच्या याच तालुक्यात एप्रिल-मे महिन्यात बायका डोक्यावर हंडे घेऊन विहिरीकडे चालतात, काही वस्त्यांना टँकर लागतात. कारण साधं आहे. खाली कातळ आहे, वर मातीचा पातळ थर आहे, उतार तीव्र आहे. पाणी मुरायच्या आत वाहून जातं आणि जे अडवलं गेलं त्यावर हक्क दूरच्या शहरांचा. धरणांखाली गेलेल्या जमिनी याच लोकांच्या होत्या. पाड्यापुरते झरे जपणं, छोटे बंधारे, तळी आणि धरणाच्या पाण्यातला एक ठरीव वाटा ही काही मोठी मागणी नाही. ती अजून पुरी झालेली नाही, ही गोष्ट मला लाजिरवाणी वाटते.

देवस्थानांचीही इथे दाटी आहे. घाटाच्या तोंडाशी घाटनदेवीचं मंदिर, जिथून उंटदरी आणि भातसेच्या खोऱ्याकडे नजर जाते. घाट उतरण्याआधी कितीतरी ट्रकचालक आजही तिला हात जोडून पुढे जातात. टाकेद इथे जटायूला रामाने पाणी पाजलं आणि त्यासाठी बाण मारून सगळी तीर्थं एकत्र आणली अशी श्रद्धा आहे, म्हणून ते सर्वतीर्थ. कावनईला कपिलधारा तीर्थ आहे, आणि सिंहस्थाचं मूळ स्थान आपलंच असं तिथले लोक मानतात. नवरात्रात कळसूबाईला चढणाऱ्यांची रीघ लागते.

या सगळ्यांत सर्वांत नवं स्थान मात्र जगभर पोचलं. मंडालेत १९२४ मध्ये जन्मलेले सत्यनारायण गोयंका हे बर्मातले व्यापारी. त्यांनी सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे विपश्यना शिकली आणि १९६९ मध्ये ते भारतात शिकवायला आले. काही वर्षं धर्मशाळा, शाळा अशा मिळेल त्या जागी शिबिरं झाली. मग इगतपुरीत एका टेकडीवर जागा मिळाली आणि १९७६ मध्ये धम्मगिरी सुरू झाली. दहा दिवस मौन, पहाटे चारला उठणं, फोन नाही, पुस्तक नाही, शुल्क नाही. जगभरच्या विपश्यना केंद्रांची ही मातृसंस्था. पाली त्रिपिटक देवनागरीत छापण्याचं मोठं काम इथल्या विपश्यना विशोधन विन्यासाने केलं. २०१३ मध्ये गोयंका गेले, शिबिरं चालूच आहेत. मला यात एक संगती दिसते. रेल्वेने लोकांना इथे पाच मिनिटं थांबवलं, धम्मगिरीने दहा दिवस. आणि हे थांबणं कुठल्याही चढावर अवलंबून नाही.

रस्त्याचं मात्र रेल्वेसारखंच झालं. मुंबई-आग्रा महामार्ग थळ घाटातून जातो. दरड, धुकं, उलटलेला ट्रक आणि तासन्‌तास रांग हे पावसाळ्यातलं नेहमीचं चित्र. समृद्धी महामार्ग २०२३ च्या मे महिन्यात याच तालुक्यातल्या भरवीरपर्यंत आला, मार्च २०२४ मध्ये इगतपुरीपर्यंत, आणि ५ जून २०२५ रोजी इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा खुला झाला. त्यात जवळपास आठ किलोमीटर लांबीचा जुळा बोगदा आहे. जो घाट चढायला बैलाला दिवस लागायचा, वाफेच्या इंजिनाला तास लागायचा, तो आता मोटार सात-आठ मिनिटांत डोंगराच्या पोटातून पार करते. बोगद्यातून जाणाऱ्याला ना घाटनदेवी दिसते, ना दरी. जुन्या घाटातले ढाबेवाले गिऱ्हाईक कमी झाल्याचं सांगतात. दुसऱ्या बाजूला तालुक्यात जमिनींचे भाव चढले आहेत. टेकड्या सपाट करून बंगले, रिसॉर्ट उठत आहेत आणि खाचरं विकली जात आहेत. महिंद्राच्या इंजिन कारखान्यासारख्या उद्योगांनी आणि गोंद्याच्या औद्योगिक वसाहतीने रोजगार दिला, हे मान्यच केलं पाहिजे. पण पाणलोटाच्या माथ्यावरचा डोंगर फोडताना खाली किती जणांचं पाणी अडतं याचा हिशेब कोणी ठेवतो आहे असं दिसत नाही.

रेल्वेचाही पुढचा विचार चालू आहे. कसारा आणि मनमाडच्या दरम्यान आणखी दोन मार्गिका टाकायच्या आणि घाटात चढ ३७ ला १ ऐवजी १०० ला १ ठेवायचा, म्हणजे लांब बोगद्यांतून हळूहळू वर यायचं. तसं झालं तर मालगाडीलाही बँकर लागणार नाही. मग कसाऱ्याला बँकर जोडणारे आणि इगतपुरीला सोडणारे हात दुसऱ्या कामाला लागतील आणि जुना घाटमार्ग मोकळा होईल. त्या मार्गाचं काय करायचं हे आत्ताच ठरवायला हवं. एहेगावचा पूल, जुने बोगदे, उलटफेराची जागा, कॅच सायडिंग यांची नोंद घेऊन जतन करावं. स्टेशनाजवळच्या एखाद्या जुन्या रेल्वे इमारतीत घाटाचं संग्रहालय व्हावं. आणि पावसाळ्यात कसारा ते इगतपुरी एक सावकाश चालणारी गाडी सोडावी, जी चढाच्या मध्ये थांबेल आणि लोकांना खाली उतरू देईल. निलगिरी आणि दार्जिलिंगच्या मार्गांना जागतिक वारशाचा मान मिळाला तो त्यांच्या लोकांनी तो मागितला म्हणून. नाशिक जिल्ह्याने थळ घाटासाठी असा आग्रह अजून धरलेला नाही. रेल्वेतून निवृत्त झालेले, घाटाचा प्रत्येक सिग्नल तोंडपाठ असलेले चालक आणि गार्ड इगतपुरीत अजून आहेत, त्यांच्याकडून ऐकून घ्यायला सुरुवात या वर्षीही करता येईल.